नागनाथची लेव्हल

नागनाथ पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा त्याने चपला काढल्या, मला नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन आमचा फ्रीज बंद केला.

पाहुण्याने पाणी मागावं, फार तर पंखा वाढवायला सांगावा. फ्रीज बंद करणारा पाहुणा मी तोवर पाहिला नव्हता. शैला, म्हणजे माझी बायको, त्याच्या मागोमाग आत गेली.

"घुंऽऽ करायलाय काकू," तो म्हणाला. "तुम्हाला सवय झालीय म्हणून ऐकू येईना."

आपला फ्रीज घुं करतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून आम्हाला ते ऐकू येतं, आणि त्याबद्दल मी नागनाथला अजून माफ केलेलं नाही.

करोल बागेत आम्ही राहतो त्या इमारतीच्या गच्चीवर एक खोली आहे. तिथे पूर्वी चार मुलं राहायची, सगळी मराठवाड्यातली, सगळी कलेक्टर व्हायला आलेली. सकाळी जिन्यात पोह्यांच्या फोडणीचा वास यायचा आणि त्यासोबत राज्यघटनेवरचा वाद. त्यातला एक खरोखर अधिकारी झाला. दोघे परत गेले. मागे राहिला सेलूचा नागनाथ. एकदा तो मुलाखतीपर्यंत पोचला होता. समोरच्यांनी त्याला परभणी जिल्ह्यातल्या सिंचनाबद्दल विचारलं, आणि हा इतकं सविस्तर सांगायला लागला की अध्यक्षांनी मध्येच "धन्यवाद" म्हटलं. "माझं उत्तर संपलं नव्हतं काका," हे तो आजही त्याच शांतपणे सांगतो जसं कुणी सांगावं की गाडी सुटली तेव्हा मी फलाटावरच होतो.

मग एके दिवशी जिन्यात त्याने मला थांबवून सांगितलं की अभ्यास सोडला, नोएडातल्या एका संस्थेत प्रवेश घेतला, आता रेडिओ बनवायला शिकतोय. मी मुळात हिशेबतपासनीस. मला वाटलं, चला, हाताला काही काम तरी लागलं. मी माळ्यावरचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर काढून त्याला दिला. दोन दिवसांनी त्याने तो तसाच परत आणला. "दुरुस्त नाही केला," तो म्हणाला, "पण खरखर लई भारी आहे याची. रेकॉर्ड करून घेतली."

तर, रेडिओ बनवणं म्हणजे कार्यक्रम बनवणं. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या, आजूबाजूचे आवाज गोळा करायचे आणि ते जोडायचे. हे समजेपर्यंत तो आमच्या घरात इतका रुळला होता की विचारण्याची सोय राहिली नव्हती. शैलाला त्याने कुकरची शिट्टी परत घ्यायला लावली. पहिलीच्या वेळी खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला होता, दुसरीच्या वेळी मी शिंकलो. त्या दिवशी आम्ही वरणासोबत जे खाल्लं त्याला भात म्हणायचं शैलाने स्वतःच नाकारलं.

फ्रीजचं प्रकरण मात्र चिघळलं. नागनाथ फ्रीज बंद करायचा, रेकॉर्डिंग करायचा, खूश होऊन निघून जायचा. फ्रीज बंदच. एकदा पुण्याहून आलेलं श्रीखंड त्यात गेलं आणि शैला दिवसभर कुणाशी बोलली नाही. नागनाथने ही अडचण संस्थेतल्या मॅडमना सांगितली. त्यांनी उपाय दिला: फ्रीज बंद केला की आपल्या खोलीची चावी फ्रीजमध्ये ठेवायची. चावीशिवाय माणूस घरी जाऊ शकत नाही. चावी घ्यायला फ्रीज उघडावा लागतो. उघडला की आत अंधार दिसतो आणि आठवण होते. जगभरचे रेडिओवाले म्हणे असंच करतात. नागनाथने हा नियम मनापासून पाळला. कोथिंबिरीच्या शेजारी त्याची गार पडलेली चावी दिसायला लागली. फक्त तो चावीच विसरायचा. वर गच्चीपर्यंत जायचा, कुलूप बघायचा, परत खाली यायचा. "काकू, चावी राहिली." मग आलाच आहेस तर बस, असं व्हायचं.

आता त्याचा दुसरा गुण. मुलाखत सुरू करण्याआधी माणसाचा आवाज किती मोठा, किती बारीक हे यंत्रावर बघून घ्यावं लागतं. त्याला ही मंडळी लेव्हल घेणं म्हणतात. त्यासाठी काहीतरी साधं विचारायचं, की समोरचा आपल्या नेहमीच्या आवाजात बोलतो. नागनाथ सगळ्यांना एकच विचारायचा: नाश्त्याला काय खाल्लं? माणूस बिचारा माइक बघून काहीतरी पुटपुटायचा. मग नागनाथ मान हलवायचा. "लेव्हल येईना. परत सांगा." दुसऱ्यांदा मात्र माणूस मोकळा व्हायचा, हसायचा, घरातलं सांगायला लागायचा. तेवढ्यात नागनाथ म्हणायचा, "लेव्हल आली," ताठ बसायचा, आणि खरी मुलाखत सुरू करायचा.

खरी मुलाखत भयंकर असायची. माझी त्याने घेतली तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. "बाबा, रेडिओ आहे," आमची मुक्ता म्हणाली. ती नववीत आहे, जन्म दिल्लीचा, मराठी घरापुरती. तिला आणि शैलाला नागनाथने बाल्कनीत पाठवलं, कारण शैलाच्या बांगड्या वाजतात आणि मुक्ता स्वतःच वाजते. मग त्याने मला विचारलं, "या परिसराच्या सामाजिक-आर्थिक संक्रमणाकडे आपण कसं पाहता?" मी नोएडाला मेट्रोने जातो-येतो आणि त्या संक्रमणाकडे मी कधी पाहिलेलं नाही. तरी बोललो. पुष्कळ बोललो. शेवटी त्याने मला पुन्हा गप्प बसवलं, कारण खोलीची नुसती शांतता पण घ्यायची असते. आम्ही दोघं समोरासमोर, भांडण झाल्यासारखे, एकमेकांची नजर चुकवत बसलो.

"मॅडम म्हणतात, तू मुलाखत घेत नाहीस, आयोग भरवतोस," त्याने एकदा चहा पिता पिता सांगितलं. तो हसला नाही, म्हणून मीही हसलो नाही. आधीच्या सगळ्या प्रात्यक्षिकांत त्याला जेमतेम मार्क होते. आता उरला होता शेवटचा कार्यक्रम. विषय: दिल्लीची सकाळ. तो चांगला झाला तर संस्थेच्या छोट्या रेडिओ केंद्रावर काम मिळणार होतं. नाही तर सेलू. तिथे मोठ्या भावाचं टाइल्सचं दुकान आहे आणि त्याने गल्ल्याची खुर्ची नागनाथसाठी रिकामी ठेवली होती.

"दुकान वाईट नाही," नागनाथ म्हणाला. "पण एको लई आहे." आणि मग, कपात बघत, "अन् दादा एकदाही म्हणाला नाही की तू हरलास. नुसती खुर्ची पुसून ठेवलीय. ते जास्त लागतं काका."

संस्थेने शेवटच्या कार्यक्रमासाठी त्याला एक चांगलं यंत्र दिलं. माझी ती इस्त्रीच्या शर्टातली मुलाखतही त्याच यंत्रावर झाली होती. ते गळ्यात अडकवून तो सकाळच्या सकाळी बाहेर पडायला लागला. पक्ष्यांसाठी हिंदूरावच्या टेकडीवर गेला, मोटारीचं सामान विकणाऱ्या दुकानांत गेला, वाचनालयांत जाऊन अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना भेटला. गोळा केलेलं काही तो ऐकत मात्र नसे. पेपर दिल्यावर उत्तरं ताडून बघायची नाहीत, पुढच्या पेपरवर परिणाम होतो, ही स्पर्धा परीक्षावाल्यांची शिस्त त्याच्यात मुरलेली. सगळं झालं की एकदमच ऐकू, म्हणायचा.

एकदम ऐकायला बसला त्या संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. फ्रीजकडे गेलाच नाही, तेव्हाच मला काळजी वाटली.

"सगळं गेलं काका."

झालं होतं असं. त्या यंत्राचं बटण एकदा दाबलं की लाल दिवा लागतो आणि रेकॉर्डिंग सुरू होतं. पुन्हा दाबलं की दिवा विझतो आणि थांबतं. नागनाथ समजून चालला होता की लाल म्हणजे थांबा. चौकात तसंच असतं. तेव्हा लाल दिव्यात त्याने सगळ्यांची लेव्हल घेतली, आणि दिवा विझवून सगळ्यांच्या मुलाखती. मुलाखत एकही नव्हती. माझं संक्रमण नव्हतं. टेकडीवरचे पक्षी नव्हते, त्यांच्याऐवजी "येतील, आता येतील" असं नागनाथचं कुजबुजणं होतं. बाकी होते ते निव्वळ नाश्ते.

"लाव तरी," शैला म्हणाली. त्याने लावलं.

हिंदूरावच्या टेकडीवरचा एक चौकीदार बोलायला लागला. "पराँठे खाए साहब। घरवाली गाँव में है, तो ख़ुद ही बेलते हैं। गोल नहीं बनते। पर खाने वाला भी तो मैं ही हूँ।" मग मोटारीच्या सीट कव्हरवाला दुकानदार. "घर पे दलिया। डॉक्टर ने बोला है। फिर दुकान पे आके छोले-भटूरे। ये रिकॉर्ड तो नहीं हो रहा ना?" त्यावर नागनाथ, अगदी प्रामाणिकपणे, "नहीं जी, ये तो बस लेवल है।" मग अकोल्याची एक मुलगी, वाचनालयातली, हळू आवाजात. "रात्रीची पोळी, चहात बुडवून. आईला सांगते दूध घेतलं म्हणून. ती विचारते ना रोज."

मग मी. "उपमा होता. खाल्ला. दुसरं काय करणार."

शैलाने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी ती बाल्कनीत होती, हे मी साफ विसरलो होतो. "परत सांगा," यंत्रातला नागनाथ म्हणत होता, आणि यंत्रातला मी उपम्याच्या गुठळ्यांविषयी सविस्तर सांगत होतो.

"दादा, ये तो बिल्कुल मस्त आहे यार!" मुक्ता ओरडली. "हेच दे ना! सगळे किती रिअल बोलतायत."

"हा कार्यक्रम नाही," नागनाथ म्हणाला. "ही लेव्हल आहे."

"मग लेव्हलच दे."

नागनाथने तिच्याकडे असं बघितलं जसं तिने उत्तरपत्रिका कोरी देऊन यायला सांगितलं होतं. पण दुसरं काही हातात नव्हतं. तो पुन्हा सगळ्यांकडे जाऊन परवानगी घेऊन आला. सीट कव्हरवाल्याने नाव काढायच्या अटीवर दिली. मी उपम्यापुरती तरी नाकारायला हवी होती, पण शैलाने माझ्या वतीने परस्पर देऊन टाकली.

त्या संध्याकाळी एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही, शैलाच्या आली. नागनाथ गेल्यावर तिने मला सांगितली. आपल्याकडे नाश्त्याचं विचारलं की माणूस उलट विचारतोच. चौकीदाराने विचारलं होतं, "आपने खाया?" अकोल्याच्या मुलीने विचारलं होतं, "तुमचं झालं?" मीही विचारलं होतं, "आणि तू?" आणि प्रत्येक वेळी, हिंदीत नाही तर मराठीत, नागनाथचं एकच उत्तर होतं. हो गया मेरा. झालं माझं.

"त्याची मेस दोन वेळच्या जेवणाची आहे," शैला म्हणाली. "सकाळचं काही देत नाहीत. आणि त्या चौघांचा स्टोव्ह तर अधिकारी झालेला घेऊन गेला."

मला वाईट वाटलं. इतके महिने हा पोरगा शहरभर हेच विचारत फिरत होता.

कार्यक्रम पसंत पडला. मॅडमनी म्हणे तो वर्गाला ऐकवला. मुलाखतकार म्हणून नागनाथबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, ते त्यांचं मोठेपण. केंद्रावर त्याला सकाळच्या कार्यक्रमाचं काम मिळालं. रविवारी सकाळी तो ते सांगायला आला, नवा शर्ट घालून. आधी भावाला फोन केला होता. "दादा म्हणाला, मग खुर्चीवर मी बसतो आता," एवढंच त्याने सांगितलं. गळ्यातलं यंत्र काढून त्याने टेबलावर ठेवलं आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. तो परत येऊन बसला तेव्हा शैलाने ते यंत्र उचललं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं.

"नाश्त्याला काय खाल्लंस?"

तो हसला. "झालं माझं काकू."

शैला हसली नाही. "लेव्हल येईना," ती म्हणाली. "परत सांग."

नागनाथने आधी यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मदत केली नाही. आतला फ्रीज घुं करत होता.

"काही नाही खाल्लं," तो म्हणाला. आवाज बारीक आला. "एकट्यानं काय करून खायचं, म्हणून राहून जातं. चौघं होतो तोवर भांडून खायचो. आता गच्चीवर सकाळी लई शांत असतं काकू. रेकॉर्ड करण्यासारखं शांत. पण घेववत नाही."

"लेव्हल आली," शैला म्हणाली, आणि यंत्र खाली ठेवून उठली.

थालीपीठ लावायचं म्हणून ती आत गेली, भिजवलेल्या पिठाचा डबा काढायला. मी तवा काढून द्यायला मागोमाग गेलो. तिने फ्रीज उघडला. आत दिवा लख्ख लागला, कारण फ्रीज आज कुणी बंदच केला नव्हता. आज रेकॉर्डिंगही काही नव्हतं. तरी पिठाच्या डब्याशेजारी, कोथिंबिरीला टेकून, नागनाथच्या खोलीची चावी होती.

शैलाने माझ्याकडे बघितलं. मग तिने डबा तेवढा बाहेर काढला, चावी होती तिथेच ठेवली आणि फ्रीज लावून घेतला.