सोंड की दरी

पेणच्या कॉलेजात अकरावीला भूगोल शिकवणारे पोपट सर बायको सरूला घेऊन तिच्या मामाच्या मयताला निघाले आणि रोह्याच्या पुढे एस.टी. भर माळावर बंद पडली. हैबतमामांना मूलबाळ नव्हतं. तेच अधूनमधून पेणला येत; त्यांची वाडी दोघांनीही कधी पाहिली नव्हती. "थांबतो, पण ऊन चढायच्या आत या," असा सकाळी निरोप आला होता. दुसरी गाडी कधी येईल ते कंडक्टरलाही सांगता येईना. मामांची वाडी डोंगराच्या पलीकडे होती आणि सडक त्या डोंगराला भलामोठा वळसा घालून जात होती.

सरांनी पिशवीतून स्थलनिर्देशक नकाशा काढला.

"अवो, कोनाला तरी इचारूया ना," सरू म्हणाली.

"विचारून कळतं ते ऐकीव. नकाशा म्हणजे मोजणी. ह्या तांबूस रेषा बघ. एका रेषेवरची सगळी जागा सारख्या उंचीची. रेषा लांब लांब आहेत, म्हणजे चढ सोपा. इथे टोकदार वळल्यात, म्हणजे ही डोंगराची सोंड. सोंडेवरून उतरलो की मामांची वाडी."

रेषा सोंडेवर टोकदार वळतात आणि दरीतही वळतात. कोणती कुठली, ते उंचीचे आकडे वाचून कळतं. ते आकडे नेमके घडीवर आले होते, आणि वर्गावर्गात उघडून मिटून घडी पांढरी पडली होती. सर आकडे नसलेल्या दरीत उतरू लागले.

करवंदीच्या जाळीत सरूचा पदर फाटला. "आपन सोंडेवर चालतोय ना? मग दोन्ही अंगाला डोंगर कसा?"

"झीज," सर म्हणाले. "नकाशा जुना आहे."

एका पुराव्यावर निष्कर्ष काढू नये, असं सर वर्गात नेहमी सांगत. खाली पोचल्यावर त्यांना ओढा दिसला, ओढ्याकाठी देऊळ दिसलं आणि देवळापलीकडे एका घरापुढे मयताला जमलेली माणसं दिसली. सगळं नकाशाप्रमाणे. "आता बोल," असं ते सरूला म्हणणार होते, पण तोवर तिने हंबरडा फोडला होता. तिला बघून सरांचेही डोळे भरून आले.

"आला गो, आला!" अंगणातली एक बाई ओरडली.

बाबाजी नावाच्या म्हाताऱ्याने सरांचा हात धरला. "किती वाट बघाय लावलीस, बाबा! आग्न देनारा नाय म्हनून थांबलो."

मामांना मुलगा नाही, तेव्हा हा मान भाचजावयाला आला, असं सरांना वाटलं. न्हाव्याने त्यांना पाटावर बसवलं, चष्मा काढून त्यांच्याच खिशात ठेवला आणि डोईवरून वस्तरा फिरवला. मग कुणी तरी हातात मडकं दिलं आणि प्रेत ओढ्यापलीकडे नेलं. फुलांनी झाकलेला चेहरा सरांना चष्म्याशिवाय धूसर दिसला. अश्रूंनी तोही दिसेना. त्यांनी अग्नी दिला.

चिता पेटल्यावर सरांनी चष्मा लावला आणि दोन शब्द बोलायला पुढे झाले. "मामा गेले. काय तो करारी माणूस! त्या पिळदार मिशा आता पुन्हा दिसणार नाहीत."

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"कोनाच्या मिशा?" बाबाजीने विचारलं.

"मामांच्या."

"हितं जनी जळतेय. तुजी आय. तू केरू ना?"

"मी पोपट," सर म्हणाले.

जनीचा केरू पोरवयात मुंबईला गेला तो परतला नव्हता. तिच्या मरणाचा निरोप कुणाकुणाकडून धाडला होता. "चष्मा, शहरातली पिशवी, रडत आलेली बायको," बाबाजी म्हणाला. "आमी म्हटलं, केरूच."

सरांना त्या तर्कात काही चूक काढता येईना.

"आता आग्न दिलास, तर दहावाबी तुलाच करावा लागंल," बाबाजीने सांगितलं. कुणी हसलं नाही.

घरी बायकांनी सरूला जवळ घेऊन "जित्तेपनी सासूचं तोंड नाय बघितलंस गो," म्हटलं, तेव्हा तिलाही उलगडा झाला. पण तोवर ओढ्यापलीकडे धूर दिसू लागला होता.

मामांच्या वाडीवर ती दोघं पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. उशीर झाला म्हणून रागवायला पुढे आलेली माणसं सरांचं डोकं बघून गहिवरली. "जावयानं मामासाठी मुंडण केलं!" सर खरं सांगणार होते. सरूने चिमटा काढला.

पेणला दार सरांच्या आईने, बायजाबाईंनी उघडलं. लेकाचं डोकं बघून त्या भिंतीला टेकल्या. सरांनी सगळं सांगितलं.

"म्हंजे मी जिती असताना आयचं सुतक घेऊन आलास."

"चूक झाली, आई. दहाव्याला दुसरं कुणी तरी बघायला सांगतो."

"दुसरा कोन हाय तिला?" बायजाबाईंनी त्यांचं ताट वेगळं मांडलं. त्यात भात वाढला. मग म्हणाल्या, "काय आवडायचं तिला?"

"कुणाला?"

"जनीला. पिंडाजवळ ठेवाय नको?"

"मला काय माहीत?"

"मग जा नि इचारून ये. लेक म्हनून आग्न दिलास नि आयला काय आवडायचं ते ठाव नाय!"

सर भात चिवडत राहिले. समोर बसलेल्या आईला काय आवडतं, तेही त्यांना आठवेना. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "आणि तुला, आई?"

"माजं आत्ताच कशाला?" बायजाबाई म्हणाल्या. "माज्या वेळंला जो कोन वाट चुकून येईल, तो घेईल इचारून."