खारट चहाची परीक्षा

आमच्या राजुरीत बबनतात्यांच्या घरी चहा प्यायचा तर जीव मुठीत धरून. तात्या सोयरिकी जुळवतात. मुलाला आधी घरी बोलावतात आणि त्याच्या चहात मुद्दाम मीठ घालतात. "खारट हाय" म्हणणारा पास, "छान झालाय" म्हणणारा नापास. "होयबा माणूस संसाराला कामाचा न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नियम त्यांनी एकदाच मोडला. मुलानं तो चहा "फक्कड" म्हणत संपवला, तरी बागायत बघून तात्यांनी होकार दिला. मुलगी त्यांचीच होती, सुनंदा. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. आता सासरी, पिंपरी पेंढारला, नवरा सासूलाही हो म्हणतो, हिलाही हो म्हणतो, आणि मधल्या मधे मरण हिचं. चार वर्षं ती बापाशी बोललेली नाही.

मी तात्यांचा शेजारी. मध्यंतरी मला अवदसा आठवली आणि तात्यांच्या मोबाइलमध्ये मी ते बोलणारं एआय घालून दिलं. तात्या त्याला 'पावणं' म्हणू लागले आणि लगेच त्याचा स्वभाव तपासायला बसले.

"पावणं, शिवनेरी कुठल्या तालुक्यात?"

"जुन्नर तालुक्यात."

"काय बोलताय राव, आंबेगावात हाय," तात्यांनी आवाज चढवला.

"माफ करा, तुमचं बरोबर आहे. शिवनेरी आंबेगाव तालुक्यात आहे."

तात्या माझ्याकडे वळले. "हुशार लई, पन होयबा. दम दिला की किल्ला उचलून देतंय."

तरी सोडवेना. एका सकाळी हळूच विचारलं, "लेकीला न इचारता लगीन लावलं. माझं चुकलं का?"

"वडील म्हणून तुमचा हेतू चांगलाच होता."

तात्यांचं तोंड उतरलं. "पिलं बघ खारट चहा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं शक्कल काढली. तोच प्रश्न माझ्या नावावर खपवला, तोही माझ्यादेखत. "आमच्या शेजाऱ्यानं लेकीला न इचारता लगीन लावलं. त्याचं चुकलं का?" मला लेकच नाही.

"हो, चुकलं," पावणं म्हणालं. "त्यांनी स्वतः जाऊन मुलीची माफी मागावी."

तात्या मोबाइल खिशात टाकून माझ्याकडे वळले. म्हणाले, "पास. भाऊ, गाडी काढ."

पिंपरीत सुनंदानं दार उघडलं आणि चहा आणून ठेवला. मी घोट घेतला आणि कसाबसा गिळला. चमचाभर मीठ होतं. तात्यांनीही घोट घेतला. लेक दाराला टेकून बघत होती. मला वाटलं, चार वर्षांनी मिळालेला चहा, आता हा छानच म्हणणार.

"खारट झालाय, पोरी," तात्या म्हणाले. "आन् माझं चुकलं. तुला इचारायला पायजे व्हतं."

सुनंदानं कप उचलले. "बसा, तात्या," म्हणाली. "दुसरा टाकते."