असंच असं काही नसतं

वृंदाताईंसमोर खोकू नये. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमधली सगळी मराठी मंडळी हे अनुभवाने शिकली आहेत. माझा नवरा मंदार मात्र तेव्हा नवा होता. आम्ही शेजारी राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात त्या कढीपत्ता घेऊन आल्या आणि हा नेमका खोकला.

"कोरडा की कफाचा?" वृंदाताईंनी पुढे केलेला कढीपत्ता मागे घेतला.

"कफाचा."

"कशामुळे?"

"असाच."

"असंच असं काही नसतं!"

एसी, धूळ, लहानपणीचा दमा असं सगळं मंदारने कबूल केलं, तेव्हा कुठे कढीपत्ता आमच्या घरात आला.

हा त्यांचा स्वभाव आणि हीच त्यांची नोकरी. त्या हॉस्पिटलात क्लिनिकल कोडर आहेत. पेशंट घरी गेला की त्याची फाइल यांच्या स्क्रीनवर येते आणि त्यातल्या प्रत्येक आजाराला त्या ठरलेला कोड देतात. एक अक्षर, पुढे आकडे. यात कोडरने स्वतःचं डोकं चालवून निदान करायचं नसतं. एक्स-रे बघून शेंबडं पोर न्यूमोनिया म्हणेल, पण डॉक्टरने तसं लिहिलं नसेल तर न्यूमोनिया नाही. "लिहिलं नाही, म्हणजे झालं नाही," असं त्या इतक्या ठासून सांगतात, की मी एकदा घरी येऊन आमचं मॅरेज सर्टिफिकेट जागेवर आहे ना, ते बघितलं होतं.

फुप्फुसांवर त्यांचा विशेष जीव. "फुप्फुसाचा भाग मिटला, एवढं लिहून हे डॉक्टर मोकळे! अरे, कशामुळे मिटला? कफाचा बोळा अडकला, गाठ आली, की शेंगदाणा गेला? प्रत्येकाची वाट वेगळी." ई-मेलला उत्तर न देणाऱ्या डॉक्टरांना त्या कँटीनच्या रांगेत गाठतात. "यू राइट, आय विल स्टँड फॉर युअर कॉफी," म्हणून त्याची जागा धरतात. डॉक्टर बिचारा फोनवर लॉगिन करून निदान पुरं करतो. कॉफीचे पैसे मात्र त्यालाच द्यावे लागतात.

अविनाशराव, म्हणजे त्यांचे यजमान, गेले आणि घरात त्या एकट्या उरल्या. लेक केतकी मेलबर्नला, पॉइंट कुकमध्ये. तिने बजावून ठेवलं होतं, "आई, आता एकदा जरी ॲडमिट झालीस ना, तर ते घर विकायचं आणि तू इकडे यायचंस." ती बोलल्याप्रमाणे करणारी आहे, शेवटी लेक कोणाची!

"तिकडे जाऊन मी काय करू? तिच्या फ्रीजमधले डबे लावू?" वृंदाताई मला म्हणायच्या. नोकरी, घर आणि अविनाशरावांनी लावलेला आंबा, यातलं काहीही सोडायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं.

आणि या पावसाळ्यात त्यांचाच दमा उसळला. दुपारी कुंपणाशी आल्या त्या एक वाक्य धड बोलू शकत नव्हत्या. मी तशीच गाडीत घालून त्यांना हॉस्पिटलात नेलं. केतकीला कळवायचं नाही, एवढं मात्र त्यांनी वाटेत खुणेनेच बजावलं. घशातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी कफाचा एक चिवट बोळा काढला. दुसऱ्या दिवशी आवाज परत आल्याबरोबर त्यांनी टॉम नावाच्या तरुण डॉक्टरला धरलं.

"व्हॉट हॅव यू रिटन?"

"लोअर लोब कोलॅप्स." म्हणजे फुप्फुसाचा खालचा भाग मिटला.

"ड्यू टू?"

"प्रॉबेब्ली म्युकस प्लग."

"प्रॉबेब्ली? काल तुम्हीच तो बाहेर काढलात ना! रिमूव्ह प्रॉबेब्ली."

टॉमने हसत 'प्रॉबेब्ली' खोडलं. "नो वरीज. आता तुम्ही घरी जाऊ शकता. पण पहिले काही दिवस सोबत कोणीतरी हवं. डू यू लिव्ह अलोन?"

वृंदाताई पांघरुणाची घडी घालू लागल्या.

"डू यू लिव्ह अलोन, वृंदा?"

"अनस्पेसिफाइड," त्या म्हणाल्या.

म्हणजे 'नेमकं नमूद नाही'. हा शब्द लिहिणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी आयुष्यभर फाडून खाल्लं होतं. टॉमला वाटलं, थट्टा आहे. त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "एकटं राहण्यालाही कोड आहे गं. किती जणांना मी तो लावलाय. माझ्या फाइलवर नको."



"सोबत कोणी नसेल, तर मला तुमच्या मुलीला फोन करावा लागेल," टॉम म्हणाला.

"त्या आमच्याकडे राहणार आहेत," मी म्हणाले. "शी स्टेज विथ अस."

टॉम टाइप करू लागला.

"थांब!" वृंदाताईंनी त्याचा हात धरला आणि माझ्यावर डोळे रोखले. "फाइलमध्ये खोटं चालत नाही."

"खोटं नाही. मंदारने खोली आवरून ठेवलीय. खिडकीतून तुमचा आंबा दिसतो. बरं वाटलं की जा आपल्या घरी. आणि रोज रात्री जेवायला परत यायचं."

"कशामुळे?"

"असंच," मी म्हणाले.

आता ते वाक्य येणार, म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांनी टॉमचा हात सोडला, पांघरुणाची उरलेली घडी घातली, आणि त्याला म्हणाल्या, "राइट इट डाउन."