दोन माणसांचं इंजिन

आमच्या किनाऱ्यावर इंजिनाला जितके सिलिंडर असतात तितकी माणसं होडीत असल्याशिवाय ते सुरू होत नाही. सहा सिलिंडरच्या ट्रॉलरवर सहा माणसं लागतात. पाच असली तर बॅटरी उतरेपर्यंत चावी फिरवा, इंजिन खोकतसुद्धा नाही. झोपलेला माणूस धरला जातो. दारू प्यायलेला, दारू उतरेपर्यंत धरला जात नाही. माणसं जास्त असली तर चालतं. बोकड चालत नाही, ते एकदा करून बघितलेलं आहे. होडीच्या नोंदणीपुस्तकात सिलिंडरांच्या रकान्याशेजारी माणसांचा रकाना असतो. दोन्हीकडे तोच आकडा लिहून बंदर कार्यालय शिक्का मारतं.

मी सातवीनंतर शाळा सोडली आणि नऊ वर्षं एका ट्रॉलरवर सहावा होतो. माझं नाव दिगंबर, पण ट्रॉलरचा तांडेल "सहावा आला का?" एवढंच विचारायचा. त्यात त्याची चूक नव्हती, मी कधी बोलायचोच नाही. मला स्वतःची होडी हवी होती, जिच्यातून मी एकटा जाऊ शकेन. दुसरा माणूस घ्यायचा तर आधी त्याला विचारावं लागतं आणि ते मला जमत नाही.

एक सिलिंडरच्या होड्या विकायला येत नाहीत. ज्यांच्याकडे त्या आहेत ते मरेपर्यंत सोडत नाहीत, आणि नंतर पुतणे भांडत बसतात. म्हणून मी दोन सिलिंडरची जुनी इंजिनं बघत फिरायचो. मला इंजिनाचं काम शिकवणाऱ्या बशीर मिस्त्रींनी सांगितलं होतं की फार जुनं इंजिन कधी कधी माणसं मोजायला चुकतं. असं इंजिन त्यांनी स्वतः बघितलं नव्हतं.

बघायची रीत त्यांचीच. होडीत चढल्याबरोबर धुराच्या नळीवर हात ठेवायचा. ती गरम लागली तर परत फिरायचं, कारण विकणाऱ्याने इंजिन आधीच चालवून दोष झाकलेला असतो. मग तेलाची काठी ओढून बघायची. तेल दुधासारखं दिसलं तर आत पाणी शिरलेलं आहे. मग सुरू करून धूर बघायचा. निळा धूर थांबत नसेल तर इंजिन तेल पितंय. आणि शेवटी विकणाऱ्याला धक्क्यावर उतरवून पुन्हा सुरू करून बघायचं. हे लोक विसरतात. विकणारा होडीत उभा असतो, इंजिन त्याला धरतं, आणि होडी घरी आणल्यावर कळतं की तो काही सोबत आलेला नाही.

तीन वर्षांत मी एकोणीस होड्या बघितल्या. एकोणीसही इंजिनांनी मला बरोबर एक मोजलं. धक्क्यावरची माणसं हसायची. एक म्हातारा म्हणाला, "इंजिनं काय बघत फिरतोस, बायको बघ. सिलिंडर आपोआप भरेल."

विसावी होडी खाडीपलीकडच्या कुंदा डोर्लेकर यांची होती. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. तोवर दोघं नवराबायको मिळून मासेमारीला जायची. नंतर होडी धक्क्याला बांधलेली राहिली. इंजिन गंजू नये म्हणून महिन्यातून एकदा काकी शेजारणीला होडीत बसवून ते चालवायच्या. किमतीचं बोलणं आधीच झालेलं होतं. इंजिन बघायचं तेवढं बाकी होतं.

मी दुपारी पोचलो. नळी थंड होती. तेल काळं पण स्वच्छ होतं. काकींसमोर मी हँडल मारलं आणि इंजिन सुरू झालं. धूर ठीक होता, ठोका मात्र निम्माच ऐकू येत होता. मी दोन्ही सिलिंडरांच्या नळ्यांवर हात ठेवले. एक तापत गेली. दुसरीवर हात ठेवून बसता आलं असतं.

मी इंजिन बंद केलं. पुढचं वाक्य मी खाडी ओलांडायच्या तरीत बसल्यापासून मनात घोकत होतो.

"काकी, तुम्ही जरा धक्क्यावर उतराल का?"

"मी उतरले तर सुरू कसं होईल?"

"होत नाही, तेच बघायचं असतं."

"शहाणाच आहेस," त्या म्हणाल्या आणि उतरल्या.

मी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं.

होडीत मी एकटाच होतो. मी मागे वळून खात्री करून घेतली. काकी धक्क्यावर पदर धरून उभ्या होत्या. मग त्यांनी हातानेच बंद कर म्हणून सांगितलं.

मी वाकून दुसरा सिलिंडर नीट बघितला. त्याला डिझेल पोचवणारी नळी कोणीतरी काढून टाकली होती आणि दोन्ही तोंडांना पितळी बुचं बसवली होती. काम फार नीट केलेलं होतं. बुचांवरून सगळ्या इंजिनाला दिलेला हिरवा रंग सलग गेला होता, कुठे तडा नव्हता. म्हणजे इंजिन मोजायला चुकत नव्हतं. चालतो तेवढाच सिलिंडर ते मोजत होतं. हे मी काकींना सांगितलं, कारण विकत घेणाऱ्याने दोष सांगायचा असतो.

"रंग कधी दिलेला?" मी विचारलं.

"ह्यांनीच दिला. जायच्या आधी सहा वर्षं." त्या होडीत परत आल्या, वाकून बुचं बघितली, एकाला बोट लावलं. "सहा वर्षं रोज पहाटे उठवायचे मला. अंगात ताप असला तरी. म्हणायचे, तुझ्याशिवाय सुरू होत नाही, त्याला मी काय करू?"

मी पान्हा पुसत राहिलो.

"मी शिव्या घालत जायची रे," त्या म्हणाल्या.

जाळं त्यांना ओढता यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या डबा उघडून द्यायच्या आणि गावातल्या गोष्टी सांगत बसायच्या. यजमान ऐकत बसायचे. दोन वर्षांत एकटीने हँडल मारून बघितलं नाही का, असं मी विचारल्यावर त्या म्हणाल्या की दोन सिलिंडरचं इंजिन एकटं माणूस कशाला सुरू करून बघेल. ते बरोबरच होतं.

मग त्यांनी बुचांकडे बोट केलं. "ही काढून नळी बसवली तर?"

"तर दोन्ही चालतील. मग खरंच दोन माणसं लागतील."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. त्या कशासाठी थांबल्या आहेत ते मला कळत होतं. वाक्य चार-पाच शब्दांचं होतं आणि माझ्याकडे तयारही होतं. मी पान्ह्याची उरलेली बाजू पुसली.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या.

होडी विकायची नाही, असं त्यांनी सांगितलं. माझी फेरी फुकट गेली म्हणून वाईट वाटलं, असंही म्हणाल्या. मी त्यांना तेल कधी बदलायचं ते सांगितलं, हँडल मारताना अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं आणि उतरलो. तिसऱ्या खेपेला त्यांच्या हातून इंजिन सुरू झालं. त्यांनी दोर सोडला आणि खाडीच्या तोंडाकडे होडी वळवली. त्यांचे ओठ हलत होते. ठोक्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

परतीच्या तरीची होडी चार सिलिंडरची आहे. तरवाला धरून तिघं बसले होते आणि चौथ्याची वाट बघत होते. मी आत पाय ठेवल्यावर इंजिन सुरू झालं. कोण आलं ते तरवाल्याने वळून बघितलं नाही. त्याला आवाजावरूनच कळलं.