दुभाजकावरचे जास्वंद

‘हिवाळा दिनांक १ डिसेंबर रोजी कार्यालयीन वेळेत सुरू होईल व १५ फेब्रुवारीस संपेल,’ असे परिपत्रक अमरावतीच्या ‘हरित पट्टा व दुभाजक सुशोभन कक्षा’स प्राप्त झाले. या काळात मुळे फुटलेली सर्व छाट कलमे प्लास्टिकखाली झाकावीत व मुदतीपूर्वी उघडू नयेत, असेही त्यात होते.

कक्षाच्या रोपवाटिकेत जास्वंदाची चारशे वीस कलमे होती. रोजंदार माळीण हलीमाबीने ती श्रावणात लावली होती आणि प्रत्येकाला मूळ फुटेपर्यंत रोज वाकून पाहिले होते. एक डिसेंबरला दुपारी ऊन बत्तीस अंशांवर असताना कलमे झाकण्यात आली. तिसऱ्या दिवशी हलीमाबी अधीक्षक उद्धवरावांसमोर येऊन उभी राहिली.

“साहेब, यायले शिजवून राहिले का तुमी? दिवसा उघडू द्या. रातीले मी झाकतो.”

उद्धवराव भला माणूस. ते स्वतः पंख्याखाली स्वेटर घालून बसले होते, कारण हिवाळी गणवेशाचा आदेशही त्याच टपालाने आला होता.

“तुमचं खरं आहे, हलीमाबी,” ते घाम पुसत म्हणाले. “पण हिवाळा माझ्या अधिकारात येत नाही.”

तरी त्यांनी वर विचारणा केली. तापमानाचा पुरावा जोडा, असे उत्तर आले. साठा नोंदवहीत एकच तापमापक निघाला, तो प्रथमोपचार पेटीतला, ताप मोजण्याचा. प्लास्टिकखाली ठेवताच पारा एकशे आठवर जाऊन थांबला, कारण पुढे आकडेच नव्हते. अहवालात ‘ताप’ हा शब्द असल्याने प्रकरण आरोग्य शाखेकडे गेले. तिथून आठवड्याने अभिप्राय आला, की रुग्णांना थंड वारा लागू देऊ नये, पांघरूण वाढवावे.

प्लास्टिकचा दुसरा थर चढला.

इकडे हवामानाने परिपत्रक वाचलेले नव्हते. दुपारी उकाडा, पहाटे नऊ अंश, मध्येच दोन दिवस अवकाळी पाऊस. कलमांची मुळे कुजू लागली. हलीमाबी एकेक काळे पडलेले कलम उपटून रांगेत ठेवी आणि पदराने डोळे पुसून पुन्हा आत वाके. शेवटी लिपिक धर्मपालला ते पाहवेना.

“मावशी, जितं रोप हालवाचा छापील नमुना आपल्यापाशी नाई,” तो म्हणाला. “मेल्याचा हाये. सारे मेले म्हनून लिवतो. तू घरी घेऊन जाय.”

“जित्याले मेलं काहून म्हनू रे बाबा?”

“जगवाचे असन तं म्हनाच लागते, मावशी.”

एका दुपारी चारशे वीस कलमांचे निधन नोंदले गेले आणि हातगाडीवरून त्यांची विल्हेवाट हलीमाबीच्या अंगणात लावण्यात आली. तिथे ती कोणत्याही आदेशाशिवाय दिवसा ऊन खाऊ लागली. गारठा पडला की हलीमाबी गोणपाट टाकी, पाऊस आला की टिनाखाली सरकवी. साडेतीनशे जगली.

फेब्रुवारी संपता संपता राजापेठेच्या रस्त्यावर वृक्षारोपणाचा समारंभ ठरला. मांडव होता, पाहुणे होते, रोपे नव्हती. उद्धवराव स्वतः हलीमाबीच्या अंगणात आले आणि तकतकीत पानांकडे बराच वेळ पाहत राहिले.

“ही परत घेता येणार नाहीत,” ते हळूच म्हणाले. “नोंदीनुसार ती वारली आहेत. तुम्ही लोकसहभागातून देता का?”

हलीमाबीने ‘सदर रोपांचा कक्षाच्या मृत रोपांशी कोणताही नातेसंबंध नाही’ या प्रतिज्ञापत्रावर सही केली. रोपे लागली. भाषणांत निसर्गाच्या चमत्काराचा उल्लेख झाला. त्यासाठी तिला नारळ मिळाला.

आठ दिवसांत दुभाजकावर साठ रोपे उरली, बाकीच्या जागी नुसते खड्डे.

त्यानंतर हलीमाबीच्या दारी प्रतिष्ठित मंडळी सल्ल्यासाठी येऊ लागली. पहिल्या आल्या त्या नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या कुंदाताई. त्यांनी मोबाइल पुढे केला.

“मावशी, आमच्या जास्वंदाची पानं पिवळी पडून राहिली. नर्सरीतून आणलंय, चांगल्या.”

हलीमाबी डावखुरी. छाट मारताना तिची कात्री नेहमी उलटी झुकते. तशी तिरपी छाट सगळ्या अमरावतीत दुसरे कोणी मारत नाही. तिने फोटो बुंध्यापाशी मोठा करून छाट पाहिली, मग मोबाइल परत दिला.

“गॅलरीत लई पानी देऊन राहिल्या तुमी, बाई. दोन दिवसाआड द्या. जगते.”

कुंदाताईंचा जीव भांड्यात पडला. निघताना त्या थांबल्या. “दुभाजकावरची रोपं पाहिली का हो? लोकांना काही नागरी जाणीवच नाही.”

“हो ना बाई,” हलीमाबी म्हणाली. “कोन लोक असतात, कोन जाने.”

तेव्हा आपल्याही गॅलरीतील जास्वंदाबद्दल शंका असल्यास हलीमाबीकडे अवश्य जावे. ती सर्वांना सारखाच सल्ला देते. फोटो मात्र फक्त वरच्या पानांचा काढावा.