शशीचे आठ टाके

माझी नणंद शशी पांढुर्ण्याच्या चिकन सेंटरात मांस मागत नाही, धमनी मागते. "भाऊ, मांडी दे. पण आतली नळी तुटली तं वापस आणीन!" घरी आल्यावर ती नळी सोलून काढते, बाकीचं आमच्या मांजरीच्या पोटात जातं. मांजर आता चालत नाही, लोळते.

शशी नागपुरात तुटलेली बोटं जोडणारी सर्जन होती. निवृत्त होऊन माहेरी आली, पण रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून शेवईएवढी धमनी कापायची आणि केसाहून बारीक धाग्यानं पुन्हा जोडायची, हे काही सुटलं नाही. पहिले दोन टाके समोरासमोर, मग मधले, मग नळी उलटून मागचे. एकूण आठ. आणि तोंडात एकच मंत्र: "मागची भिंत धराची नाई!"

हा मंत्र मला चांगलाच लागलेला आहे. चाळिशीत मला भरतकामाचा भारी तोरा. मी भरलेला पोपट बैठकीत टांगलेला, आणि येईल त्याला तो बघावाच लागे. शशी तेव्हा सुट्टीलाही सूक्ष्मदर्शक घेऊनच माहेरी यायची. तिला म्हटलं, "आठच टाके ना? आण इकडे." ऐटीत घातले. तिनं पिचकारीनं लाल पाणी सोडलं. पलीकडे थेंब नाही! पुढची भिंत मी मागचीला शिवून टाकली होती.

"वहिनी, तुम्ही नळी नाई, पाकीट शिवलं!"

पोपट त्याच दिवशी उतरवला. पाहुणे सुटले.

गेल्या महिन्यात नागपूरहून फोन आला. लोधीखेड्याच्या एका बाईचा अंगठा कडबा कापायच्या मशीनमध्ये गेला होता. पायाचं बोट काढून तिथं लावायचं होतं, आणि बाई हटून बसली होती, टाके शशीबाईंनीच घालायचे. शशी एकदम उजळली. पण तिचा नियम कडक. आधी सलग तीन नळ्या टाक्यांपाशी कोरड्या निघाल्या पाहिजेत, मगच माणसाला हात.

दोन निघाल्या. तिसरीच्या टाक्यांतून लाल पाणी झिरपलं.

"कोंबडीच म्हातारी असंन," मी म्हटलं.

"कोंबडी नाई, वहिनी. हात हालून राहिला."

तिथूनच तिनं आपल्या विद्यार्थिनीला फोन लावला. आवाज खणखणीत. "टाके तूच घालशीन. मी बाजूले उभी राहीन. बाईले मी समजावीन."

फोन ठेवून ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि उजवा हात माझ्या हातात दिला. चाळीस वर्षं बांगड्या भरायला कासारालाही न दिलेला हात. माझ्या जिभेवर दोन टोमणे तयार होते. ते गिळले, आणि तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला.