शिवलकर वॉरियर्सचा संप

हरिश्चंद्र शिवलकरांनी जन्मात एकदाच मालक व्हायचं ठरवलं, आणि तेही फक्त एका महिन्यासाठी. तेवढंसुद्धा त्यांना पचलं नाही.

सव्वीस वर्षं रत्नागिरीतल्या एका कचेरीत कारकुनी, आणि त्यातली अठरा वर्षं कर्मचारी संघटनेचे चिटणीस. म्हणजे साहेब लोकांना घाम फोडणं हा मुख्य धंदा, कारकुनी आपली फावल्या वेळात. (हे उलट असायला हवं असं म्हणणारा एक साहेब होता. त्याची बदली झाली.) पण त्यांचा मेहुणा दीपक यानं यंदा सागरकिनारा फुटबॉल लीगमध्ये एक संघ विकत घेतला, आणि भाऊबीजेला बहिणीच्या घरी येऊन, सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "भावोजी, तुम्ही आपले झिंदाबाद करा. मालकी हे काय तुमचं काम नव्हे."

झालं! चकली तोंडाशी नेलेली तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी शिवलकरांनी फॉर्म भरला.

संघाचं नाव शिवलकर वॉरियर्स. सात जण मैदानात, एक राखीव. महिन्याचा करार, राहणं-जेवण मालकाच्या घरी. घराच्या खालच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या, तिथे पोरं उतरली. पोरं गुणी. कप्तान सर्वेश पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेला, बोलायला कमी, पण एकदा बोलला की समोरच्यानं चष्मा पुसून कागद शोधायला लागावं. ऋत्विक बुरोंडीचा, पुळणीच्या वाळूत अनवाणी खेळून तयार झालेला. चेंडू पायात आला की गडी कोणाच्या बापाला सापडायचा नाही. ह्या दोघांच्या जिवावर संघ फायनलला पोचला. आणि फायनलला समोर कोण? मेहुण्याचा संघ!

बुधवारी सरावात ऋत्विकचा घोटा मुरगळला. संध्याकाळपर्यंत सुजून पाय बुटात जाईना. राखीव गडी नेमका त्याच आठवड्यात जहाजावर नोकरी लागून गेलेला. म्हणजे राहिले सहा, आणि नियम असा की सात उभे राहिले नाहीत तर सामना समोरच्याला बहाल.

शिवलकरांना पुढची वीस वर्षं दिसायला लागली. लग्न असो, बारसं असो, गणपती असो, दीपक आपला पाहुण्यांना सांगतोय, "भावोजींचा संघ मैदानात आलाच नाही हो!" ह्या भीतीच्या भरात माणसानं एक बारीकसा निर्णय घेतला.

"काय होत नाय रे," ते ऋत्विकला म्हणाले. "कोमट खोबरेल चोळ, पट्टी आवळून बांध. रविवारी उभा राहशील."

"डॉक्टर तीन आठवडे सांगतात, मालक," सर्वेश म्हणाला.

"करारात काय लिहिलंय? कलम नऊ. मालक सांगेल तो प्रत्येक सामना खेळाडूने खेळला पाहिजे."

(हे कलम त्यांनी स्वतः घातलेलं. असलं कलम कचेरीत कोणी साहेबानं घातलं असतं, तर हेच गृहस्थ फाटकासमोर सतरंजी टाकून बसले असते.)

सर्वेशनं मान हलवली आणि तो खाली गेला. शिवलकरांना वाटलं, मिटलं.

गुरुवारी सकाळी सातही जण न्याहारीला आले ते दंडाला काळ्या फिती बांधून. शिवलकरांच्या घशात घावनाचा तुकडा अडकला.

"हे काळं कापड कुठून आणलंत?"

"काकींनी दिलं."

"माझा जुना परकर होता," योगिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. ही त्यांची सख्खी, लग्नाची बायको बरं का. "अजून दहा-बारा जणांच्या होतील."

शिवलकर धावत खाली गेले. खालच्या कपाटात संघटनेची जुनी कागदपत्रं होती, आणि सगळ्यांत वर त्यांनीच लिहिलेली पुस्तिका, 'आंदोलनाचे पाच टप्पे'. ती जागेवर नव्हती. सर्वेशच्या उशाशी होती, आणि पहिल्या टप्प्यावर पेन्सिलीची खूण होती.

आता बघा, दुसरा कोणी मालक असता तर त्याला पुढे काय वाढून ठेवलंय हे तरी कळलं नसतं. शिवलकरांना सगळं तोंडपाठ! एक, काळ्या फिती. दोन, द्वारसभा. तीन, असहकार. चार, घेराव. पाच, बेमुदत संप. चौथ्याखाली त्यांच्याच अक्षरात टीप होती, 'अधिकाऱ्यास शौचालयाच्या वाटेवर गाठावे. तेथे तो फार वेळ तग धरत नाही.' त्या टिपेनं एक साहेब सात तास उभा ठेवला होता. शिवलकरांचं शौचालय परसात, आणि परसाची वाट पोरांच्या खोल्यांसमोरून. त्यांना दरदरून घाम फुटला.

दुपारी अंगणात द्वारसभा झाली. शिवलकरांनी ती खिडकीच्या फटीतून पाहिली. "माणूस म्हणजे काय यंत्र नाही!" सर्वेश म्हणत होता. शब्दन् शब्द शिवलकरांचा, पान अकरा! योगिनी पुढच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती, आणि सभा संपल्यावर तिनं सगळ्यांना कोकम सरबत दिलं. मालकाला विचारलंसुद्धा नाही.

शुक्रवारी असहकार. शिवलकरांच्या ताटात नुसता भात आणि वरण.

"सुरमईचा वास येतोय ना गो?"

"येतोय," योगिनी म्हणाली. "ती कामगारांची आहे."

"अगं, नवरा आहे मी तुझा!"

"तो पाय बघितलात का एकदा तरी? आई आहे त्याला बुरोंडीत. रोज फोन करते, मी काय सांगू तिला?"

शिवलकरांनी वरणभात कालवला. पाय त्यांनी बघितला नव्हता, कारण बघितला तर आपलं काही खरं नाही हे त्यांना आतून ठाऊक होतं. त्या दिवसापासून त्यांनी पाणी पिणं सोडलं. आणि शनिवारी पहाटे शेजारच्या विमलाकाकींकडे "जरा पेपर वाचायला" म्हणून गेले. पेपर सातला येतो. शिवलकर साडेपाचला जाऊन, हलके होऊन आले.

येताना मात्र त्यांना देऊळ दिसलं आणि डोक्यात प्रकाश पडला. गाऱ्हाणं! आमच्याकडे होडी पाण्यात लोटायची असो की पोराला परीक्षेला बसवायचं असो, आधी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. गुरव देवाला विनवतो, आणि त्याचं एकेक वाक्य संपलं की जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" देवासमोर एकदा होकार दिला की मागे फिरायची कोणाची टाप नाही. पोरांकडून 'उद्या खेळतो' असं देवळातच वदवून घ्यायचं! शिवलकर स्वतःवर इतके खूश झाले की घेरावाची भीती विसरून त्यांनी वाटेत चहासुद्धा प्यायला.

"चालेल," सर्वेश म्हणाला. "पण आमचंही म्हणणं गाऱ्हाण्यात घालायचं."

"घाला की." (देव काय कलमं वाचतो, असा त्यांचा हिशेब.)

दहा वाजता सगळे देवळात जमले. ऋत्विकला दोघांनी धरून आणलं, शिवलकरांनी तिकडे पाठ केली. रघू गुरवानं नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुजा शिवलकर तुज्या दारात आलाय!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या पोरांना उद्या यश दे, समोरच्याचे पाय जड कर!"

"व्हय म्हाराजा!"

मग सर्वेश वाकून गुरवाच्या कानाशी लागला. रघूनं सूर मोडू दिला नाही.

"बा देवा म्हाराजा! ज्या लेकराचा पाय सुजलाय, त्याला कोणी जबरदस्तीनं पळवू नये!"

"व्हय म्हाराजा!"

"ते नववं कलम का काय आसंल, ते आजपासून रद्द व्हावं!"

"व्हय म्हाराजा!"

"आन् सातवा गडी कमी पडतोय, तर ज्याला मालकीची हौस, त्यानंच उद्या गोलात उभं ऱ्हावं!"

"व्हय म्हाराजा!!"

शेवटच्या वेळी ओरडणारा एकच आवाज होता, आणि तो शिवलकरांचा होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले, मान भक्तिभावानं हलत होती. आता तुम्ही म्हणाल, गप्प राहायचं ना! कसं राहणार हो? समज आल्यापासून गुरव थांबला की तोंड उघडायचं ही सवय. राहून दाखवा तुम्ही!

"अरे, ते... माझं तोंडातून गेलं," शिवलकर पुटपुटले.

"देवाच्या कानात पण गेलं," रघू म्हणाला, आणि त्यानं नारळ फोडला.

तिथून वरात लीगच्या कार्यालयात. तिथल्या गृहस्थानं नियमावली चाळली. "मालकाला खेळता येत नाही. खेळायचं तर मालकी दुसऱ्याच्या नावे करावी लागेल."

शिवलकरांच्या जिवात जीव आला. "मग राहू दे हो! नियम म्हणजे नियम!"

"कुठे सही करू?" मागून योगिनीनं विचारलं. पेन ती घरूनच घेऊन आली होती.

रविवारचं काय सांगावं! गावाहून टेम्पो भरून भावकी आली होती. शिवलकर गोलात उभे, पायात ऋत्विकचेच बूट. चेंडू येताना दिसला की ते डोळे मिटायचे आणि कुलदैवताचं नाव घ्यायचे. दोन चेंडू आत गेले, ते त्यांना आवाजावरून कळलं. समर्थ, म्हणजे नेहमीचा गोलकीपर, पुढे खेळायला मोकळा झाला होता, त्यानं एक केला, सर्वेशनं दोन. शेवटच्या मिनिटाला दीपकच्या संघानं जिवाच्या करारावर एक फटका हाणला. शिवलकर पळायला वळले, पायात पाय अडकला, आणि चेंडू सरळ नाकावर बसून बाहेर गेला. संघ जिंकला.

चषक मालकाच्या हाती द्यायची पद्धत. तो योगिनीनं घेतला. दीपकनं वाकून नमस्कार केला, म्हणाला, "ताई, संघ चालवावा तर तुझ्यासारखा!" शिवलकर मागच्या रांगेत नाकाला बर्फ लावून उभे होते, फोटोत त्यांचा एक कान आला.

संध्याकाळी घरी येऊन ते पलंगाकडे वळले, तर त्यांची उशी आणि चादर घडी घालून दारात ठेवलेली.

"हे काय?"

"करार वाचा," नवी मालकीण म्हणाली. "खेळाडूंनी महिना संपेपर्यंत खाली राहायचं. आणि सगळ्यांचे कपडे भिजवलेत, तेवढे पिळून टाका."

शिवलकरांचं अठरा वर्षांचं रक्त उसळलं. हा अन्याय! ते उशी काखेत मारून ताडताड खाली उतरले. पोरं ऋत्विकच्या पायाभोवती बसून जेवत होती.

"सर्वेश, मला संघटनेत घे. आत्ताच्या आत्ता नोटीस देऊ तिला!"

सर्वेशनं हात धुतले, उशाची पुस्तिका काढली आणि शांतपणे पान उलटलं.

"तुम्ही एका सामन्यापुरते लागलात. म्हणजे तात्पुरते. तात्पुरत्यांना सभासद करू नये, उगाच संघटनेवर भार होतो, असं इथे लिहिलंय." त्यानं पुस्तिका मिटली. "सही तुमचीच आहे. अर्ज तेवढा करून ठेवा, काका."